रक्तशुद्धीकरण कक्षातील परिचारिका आणि तिचा विवेक

(पांढुर्णा व सौंसर परिसरातील परिचारिका, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी सौंसर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी कला शाखेचा पदवीधर. शासनाच्या योजनांची माहिती आपणांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. मूत्रपिंड शरीरात नेमके कोठे असते, हेही मला चाळिशी येईपर्यंत धड ठाऊक नव्हते. असे असूनही डायलिसिस, म्हणजे यंत्राद्वारे होणारे रक्तशुद्धीकरण, आणि ते करणाऱ्या परिचारिकेची नैतिक जाणीव हा विषय मी स्वतः मागून घेतला. त्याला एक प्रसंग कारण झाला. तो माझ्या कमीपणाचा आहे, म्हणून तोच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मोफत डायलिसिसच्या योजनेवर एक सचित्र लेख तयार करावयाचा होता. छायाचित्रकारास सोबत घेऊन मी एका रुग्णालयात गेलो. रुग्णालयाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. कक्षात पाच खुर्च्या होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर निवृत्तीला आलेले एक प्राथमिक शिक्षक डोळे मिटून पडले होते. सकाळचे ऊन त्यांच्या चेहऱ्यावर आले होते. असे चित्र आमच्या धंद्यात सहसा सोडीत नाहीत. छायाचित्रकाराने कॅमेरा उचलला, तोच तेथील परिचारिका मध्ये येऊन उभी राहिली.

"साहेब, गुरुजींना विचारलंत का?"

मी म्हणालो, "वरिष्ठांची परवानगी घेतली आहे."

"ती इथं येण्याची असेल. फोटो गुरुजींचा आहे, त्यांना विचारा. आता डोळा लागलाय, जागे होईपर्यंत थांबा."

मला राग आला हे कबूल करतो. पंचविशीतल्या मुलीने अधिकाऱ्यास दारात तिष्ठत ठेवावे, हे मला रुचले नाही. अर्ध्या तासाने गुरुजी जागे झाले. मी विचारले तेव्हा त्यांनी मोकळा हात छातीशी नेला आणि म्हणाले, "फोटो नका काढू जी. गावात अजून कोणाला सांगितलं नाही. पोरीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत." आठवड्यातून तीनदा आपण कोठे जातो, असे कोणी विचारले तर जमिनीच्या खटल्यासाठी जातो असे ते सांगत असत.

ते छायाचित्र छापले गेले असते तर योजनेची प्रसिद्धी झाली असती आणि एका मुलीचे लग्न मोडले असते. माझ्या हातून ते घडू दिले नाही ते त्या परिचारिकेने. गुरुजी आता हयात नाहीत. त्यांच्या घरच्यांना विचारून, नाव व गाव न सांगण्याच्या अटीवर मी ही हकीगत सांगत आहे. विचारून सांगावे, एवढे तरी मी त्या दिवशी शिकलो.

आता हे रक्तशुद्धीकरण म्हणजे काय, ते गावकरी मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. निरोगी मूत्रपिंडे जे काम अहोरात्र करतात ते यंत्राने करावयाचे, म्हणजे रुग्णाचे रक्त नळीने बाहेर काढून गाळणीतून फिरवावयाचे आणि परत शरीरात सोडावयाचे. यासाठी सामान्यतः आठवड्यातून तीन खेपा, प्रत्येक खेपेस चार तास लागतात. एका खेपेस सुमारे १२० लिटर विशेष शुद्ध केलेले पाणी खर्ची पडते. हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून एक जागा तयार केलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. तीत दोन जाड सुया टोचाव्या लागतात. वर्षाच्या १५६ खेपा आणि ३१२ सुया, असा हा हिशेब आहे. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले नाही तर तो आयुष्यभर चालतो.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर रुग्णाला एकदा भेटतात. तापाचा रुग्ण आठ दिवसांत घरी जातो. येथे मात्र तीच परिचारिका आणि तोच रुग्ण वर्षानुवर्षे समोरासमोर असतात. त्याच्या घरी म्हशी किती, कर्ज कोणाचे, कोणता मुलगा विचारीत नाही, हे सगळे तिला कळते. त्याचे रक्त तिच्या डोळ्यांसमोर शरीराबाहेर फिरत असते. एवढा विश्वास माणूस सख्ख्या भावावरही टाकीत नाही.

आपल्या भागात हा शब्द घरोघरी पोहोचला तो फार दुःखद रीतीने. २०२५ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत, मुख्यतः शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या एका दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. कित्येकांना नागपूरला हलविण्यात आले, डायलिसिस झाले, तरी ती वाचली नाहीत. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. याच द्रव्याने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचे प्राण घेतले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती. चुका कोणाच्या, हे ठरविण्याची जागा ही नव्हे. परंतु मुलाची लघवी बंद झाली आहे, कालच्याही मुलाची झाली होती, हे सर्वांत आधी खाटेजवळच्या परिचारिकेच्या नजरेस पडू शकते. ते तिने लिहून वर कळवावे आणि वरच्यांनी ते ऐकून घ्यावे. या दोन गोष्टी नीतीच्याच आहेत, केवळ कार्यालयीन शिस्तीच्या नाहीत.

या यंत्राच्या जन्मापासूनच नीतीचा प्रश्न त्याच्यामागे लागलेला आहे. विलेम कोल्फ या डच वैद्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, आपले पहिले यंत्र माणसावर वापरले. १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम राहू शकणारी नळी बसविली आणि तेव्हापासून एकाच रुग्णावर पुनःपुन्हा डायलिसिस करणे शक्य झाले. आता अडचण उभी राहिली. यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ. मग तेथे सात नागरिकांची एक समिती नेमली गेली. कोणाला यंत्र द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे ती ठरवी. वय, विवाह, मिळकत, धंदा, चर्चमध्ये जाणे-येणे, असे सर्व विचारात घेतले जाई. १९६२ मध्ये एका साप्ताहिकाने ही हकीगत छापली तेव्हा मोठी खळबळ उडाली. माणसाच्या जगण्याची लायकी दुसऱ्या माणसांनी कोणत्या मापाने मोजावयाची? अखेर १९७२ मध्ये कायदा होऊन तेथील शासनाने जवळजवळ सर्वच रुग्णांचा खर्च उचलला.

आपल्या देशात २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. त्यात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयातून ही सेवा विनामूल्य मिळते. आयुष्मान कार्डाचाही आधार आहे आणि ते कार्ड राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एका राज्यात व आपण दुसऱ्या राज्यात गेलो, पण आजारी माणसाची वाट काही बदलली नाही. त्यामुळे ही सोय आपल्याला विशेष उपयोगी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सोयी हळूहळू जवळ येतील, अशी अपेक्षा आहे.

सिएटलसारखी समिती आपल्याकडे नाही. परंतु सकाळची खुर्ची कोणाला आणि रात्रीची कोणाला, हे कोणीतरी ठरवितेच. शहरात राहणाऱ्याला रात्री नऊ वाजता सोडले तरी तो घरी पोहोचतो. खेड्यातल्या माणसाची शेवटची बस तोवर निघून गेलेली असते. यासंबंधी एका अनुभवी परिचारिकेने मला एक गोष्ट सांगितली.

आपला हा संत्र्याचा मुलूख. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठते, ते फार वाढले तर हृदय बंद पडू शकते, आणि संत्र्यात ते भरपूर असते. म्हणजे ज्याने जन्मभर बगीचा राखला, त्यालाच आंबिया बहराची एक फोड तोंडात टाकण्याची चोरी. असेच एक बागाईतदार काकाजी तिच्याकडे येत. स्वतःला खाता येत नाही म्हणून त्यांनी एक दिवस परिचारिकेसाठी संत्र्यांची पिशवी आणली. तिने घेतली. पुढच्या आठवड्यात आणली तीही घेतली. तिसऱ्या आठवड्यात काकाजी म्हणाले, "बाई, मले सकाळची खुर्ची करून द्या न." त्यांच्या मनात लाच देण्याचा विचार नव्हता. देणेघेणे आपल्या रक्तातच असते. पण त्या सकाळच्या खुर्चीवर मजुरी करणारी एक बाई येत असे आणि तिच्याजवळ पिशवी आणण्यासारखे काही नव्हते.

त्या परिचारिकेने काय केले? पुढची पिशवी तिने सर्वांदेखत बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांत वाटून टाकली. मग प्रत्येक रुग्णाचे गाव, बसची वेळ आणि घरी परतण्यास लागणारा अवधी यांचा तक्ता करून भिंतीवर लावला. काकाजींना दुपारची खुर्ची आली. ते दोन दिवस रुसले. तक्त्यात एखादे वेळी चूक होई, पण चूक कोणती, हे सर्वांना वाचता येई. मला हा उपाय सिएटलच्या सात शहाण्यांच्या निवाड्यापेक्षा अधिक न्याय्य वाटला.

बसचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, जरी ती ऐकून काही भगिनींना माझा राग येईल. चार तासांची खेप साडेतीन तासांत आटोपली जाते. रुग्णच म्हणतो, "सोडा बाई, गाडी चुकते." त्याला थांबवून ठेवणेही कठीण आणि सोडणेही बरे नाही, कारण अर्धा तास कमी म्हणजे पाणी व विषारी द्रव्ये शरीरात राहिली. सोडावे लागले तर रुग्णाला त्याचे परिणाम सांगून, डॉक्टरांना कळवून सोडावे. पण वहीत मात्र चार तास असे लिहिले जाते, आणि खरी हानी तेथून सुरू होते. डॉक्टर ती वही पाहून औषध ठरवितात. अधिकारी ती वही पाहून सर्व काही ठीक असल्याचा अहवाल पाठवितात. मीही त्याच आकड्यांवर बातमी लिहितो. वहीत साडेतीन लिहिले आणि शेरा म्हणून बसची वेळ लिहिली, तर महिनाभराने कोणी तरी विचारील की बारा रुग्णांची खेप बसपायी अपुरी राहते आहे, तर खेपेची वेळ का बदलू नये? खोट्या चाराने हा प्रश्नच पुसला जातो.

येथे उपस्थित असलेल्या अधिकारीवर्गास माझी नम्र विनंती आहे. खरे लिहिणाऱ्या परिचारिकेला आपण खुलासा मागतो आणि खोटे लिहिणारीचा अहवाल स्वच्छ दिसतो. असे होत राहिले तर खरे कोण लिहील? डायलिसिसची सेवा पुष्कळ ठिकाणी खाजगी भागीदारीतून चालते. जागा, वीज, पाणी शासनाचे आणि यंत्रे व माणसे कंत्राटदाराची. तेथील परिचारिकेची नोकरी कंत्राटी असते. पाण्यातील क्लोरीन आज तपासलेले नाही, असे तिने सांगावयाचे कोणाला? ज्याच्या हाती तिचा पगार त्यालाच का? तिच्यासाठी तक्रारीचा दुसरा दरवाजा उघडा असला पाहिजे, आणि तो रुग्णालयाच्या प्रमुखाच्या खोलीत उघडला पाहिजे.

आता भाषेविषयी. आपल्या भागात घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि रुग्णालयाच्या कागदावर पुष्कळदा इंग्रजी. संमतिपत्रावर अंगठा घेतला की संमती मिळाली, असे आपण धरून चालतो. हातात फिस्टुला करावयाचा आहे, पुढे त्या हाताचा रक्तदाब घ्यावयाचा नाही, त्या हातातून रक्त काढू द्यावयाचे नाही, त्यावर ओझे घ्यावयाचे नाही, हे त्याला त्याच्या बोलीत कोणी सांगितले काय? सांगितले नसेल तर दोन महिन्यांनी तो त्याच हाताने संत्र्याची क्रेट उचलतो आणि मग आपण त्याला अडाणी म्हणतो. परिचारिका दूरच्या प्रांतातली असली तर तिला मराठी येत नाही, हा तिचा दोष नव्हे. अशा वेळी बाकावर बसलेल्या एखाद्या शिक्षकाने दुभाषी व्हावे, पण रुग्णाला चालेल त्याच माणसाने व्हावे. शेजारच्या गावच्या मास्तरांसमोर आपले दुखणे उघडे करणे सर्वांनाच रुचत नाही.

गुप्ततेचा भंग बहुधा असा सहजच होतो. काविळीच्या ब प्रकाराची लागण असलेल्या रुग्णाचे यंत्र वेगळे ठेवावे लागते, ते योग्यच आहे. पण "पॉझिटिव्हवाले त्या बाजूला" अशी हाक दारातून दिली की सायंकाळपर्यंत ती गावच्या पारावर पोहोचते. एच.आय.व्ही.बाधितांच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक केली आहे. इतरांच्या बाबतीत कायद्याची वाट पाहू नये. नावाने हाक मारून खुर्ची दाखविली तर काम तेवढेच होते.

सर्वांत कठीण प्रश्न रुग्णच विचारतो, आणि तोही डॉक्टर फेरी मारून गेल्यावर. "बाई, हे अजून किती दिवस?" घरच्यांनी त्याला सांगितलेले असते की पंधरा दिवसांत बरे होईल. आणि परिचारिकेला बजावलेले असते की त्यांना काही सांगू नका, ते हाय खातील. घरच्यांचे प्रेम खोटे नसते. पण पंधरा दिवसांचे तीन महिने झाले की रुग्णाला खोटे कळते, आणि मग तो कोणावरच विश्वास ठेवीत नाही, पथ्यावरही नाही. मी काही भगिनींना विचारले की आपण काय करता. एकीने दिलेले उत्तर मला फार आवडले. ती त्यालाच उलट विचारते, "काका, तुम्हाला काय वाटतं?" बहुतेकांना ठाऊकच असते. तो बोलू लागला की ती खोटे बोलत नाही आणि घाईही करीत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर व घरचे लोक यांना एकत्र बसवून सत्य सांगण्याची व्यवस्था करते.

मूत्रपिंड देणाऱ्यांविषयी दोनच वाक्ये बोलतो, कारण तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. १९९४ च्या कायद्याने अवयवांचा व्यापार गुन्हा ठरविला आहे आणि दात्याची स्वेच्छा आवश्यक मानली आहे. पण आपल्या घरांत देण्याची पाळी बहुधा आईवर अथवा पत्नीवर येते, आणि सासरच्या मंडळींसमोर तिला विचारले तर ती दुसरे काय उत्तर देणार? परिचारिकेने तिला एकटीला चहा पाजावा आणि विचारावे.

काही रुग्ण एक दिवस म्हणतात, आता पुरे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात तो मान्य केला आहे आणि आगाऊ इच्छापत्राची कार्यपद्धती २०२३ मध्ये सोपी केली आहे. मात्र 'पुरे' या शब्दामागे काय आहे, ते परिचारिकाच ओळखू शकते. कित्येकदा त्यामागे गाडीभाडे असते. उपचार विनामूल्य असला तरी आठवड्यातून तीनदा दोन माणसांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी विनामूल्य नसते. मुलाने बैल विकला म्हणून बाप 'पुरे' म्हणतो. अशा वेळी त्याची इच्छा मान्य करणे हा त्याच्या गरिबीचा फायदा घेणे होय. तेथे ग्रामपंचायतीने धावून गेले पाहिजे. याउलट एखादा ऐंशीचा वृद्ध सर्व विचार करून, लेकरांना बोलावून 'पुरे' म्हणतो. त्याला भीती घालून पुन्हा सुईखाली आणणे हेही बरे नाही. यंत्र थांबले तरी वेदना कमी करणे, तोंड ओले करणे, जवळ बसणे ही सेवा थांबत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिची १९७३ पासून २०१५ मध्ये तिचे निधन होईपर्यंत शुश्रूषा केली. ते प्रकरण वेगळे होते, ती बोलू शकत नव्हती. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या परिचारिकांच्या सेवेचा गौरवाने उल्लेख केला आणि त्यांचे म्हणणे विचारात घेतले. मला एवढेच निदर्शनास आणावयाचे आहे की जी रोज अंग पुसते तिचे मतही विचारावे.

परिचारिकांसाठी आंतरराष्ट्रीय नीतिसंहिता १९५३ पासून आहे. २०२१ मध्ये ती सुधारण्यात आली. ती प्रत्येक कक्षात असावी, आणि कपाटाच्या आत नसावी. परंतु त्या दिवशी ज्या मुलीने माझा कॅमेरा अडविला, तिला मी नंतर विचारले की हे तुला कोणी शिकविले. ती म्हणाली, "शिकवलं होतं कॉलेजात. पण खरं सांगू का, माझे वडीलही मास्तरच होते."

तिने शेवटी आम्हाला छायाचित्र घेऊ दिले. रिकामी खुर्ची, शेजारी वजनकाटा आणि भिंतीवरचा तो गावांचा व बसच्या वेळांचा तक्ता. होय, तक्ता करणारी अनुभवी परिचारिका त्याच कक्षातली होती. तक्त्यावरील नावे झाकण्यासाठी या मुलीने स्वतःचा रुमाल त्यावर धरला होता, तो छायाचित्रात दिसतो. आमच्या वरिष्ठांनी विचारले, या चित्रात माणूस कोठे आहे? मी काही उत्तर दिले नाही, पण लेख त्याच चित्रासह छापला गेला.

माझे बोलणे येथे थांबवितो. डायलिसिस कक्षात काम करणाऱ्या तीन भगिनी आज येथे आल्या आहेत. आता त्यांनी बोलावे. मी खाली बसून लिहून घेणार आहे, आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखविणार आहे.